समोरचा काय जपतोय?

साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की गावाबाहेरच्या माळावर कोप्या उभ्या राहतात. बांबूच्या कामट्या, पाचट, वरून ताडपत्री. अशाच एका तळावर मी एका सिस्टरबरोबर गेले होते. आशाताई आणि सिस्टर यांना प्रशिक्षण देणं हे माझं काम, त्यामुळे वर्गात शिकवलेलं तळावर किती टिकतं ते बघायला अधूनमधून जाते. एका कोपीच्या दारात विशीतली आई बसली होती, मांडीवर तीन महिन्यांचं बाळ. दीड महिन्याचा डोस गावाकडे झालेला, अडीच महिन्यांच्या डोसाची तारीख उलटून गेलेली.

सिस्टरने सगळं नीट सांगितलं. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ, एकेका रोगाचं नाव घेऊन सांगितलं. आई मान डोलवत होती. सांगून झाल्यावर म्हणाली, "नको." सिस्टरने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी आवाज चढवून. "उद्या लेकराचं काही कमी-जास्त झालं तर कोण जबाबदार?" आई उठली आणि बाळाला घेऊन कोपीत शिरली.

बाहेर चुलीपाशी सासू भाकरी थापत होती. मी तिच्याशेजारी बसले. कुठल्या गावाहून आलात, तळावर कोयते किती, असं इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग तिनेच विषय काढला. "मागच्या टायमाला सुई दिल्यावर पोरगं दोन दिवस तापलं. हिला घरात बसावं लागलं. आता इथं दोन खाडे कोण भरणार?"

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून दोघांच्या नावावर उचल घेतलेली असते आणि ती फेडायची तोडलेल्या उसाच्या टनावर. जोडीतलं एक माणूस कामावर गेलं नाही की खाडा पडतो. त्या दिवसाची कमाई जातेच, वर खाड्याचे पैसेही कापले जातात. सिस्टर डांग्या खोकल्याबद्दल बोलत होती आणि ती बाई दोन खाड्यांचा हिशेब करत होती. लस चांगली की वाईट, हा प्रश्न तिच्यापुढे नव्हताच. तिने पहिला डोस स्वतःहून दिला होता.

एखाद्याला आपलं म्हणणं पटत नाही, तेव्हा त्याला ते कळलेलं नाही असं आपण धरून चालतो. म्हणून आणखी समजावतो. आणखी माहिती देतो, मोठ्याने देतो, चित्रं दाखवून देतो. कधी भीती घालतो. पण बहुतेक वेळा समोरच्याला आपलं म्हणणं कळलेलं असतं. त्याच्याकडे जपण्यासारखं काहीतरी असतं आणि आपलं ऐकलं तर ते हातचं जाईल, असं त्याला वाटत असतं. ते काय आहे हे कळेपर्यंत आपण बोललेला प्रत्येक शब्द बाजूने निघून जातो. ही गोष्ट मला सगळ्यात स्पष्ट दिसली ती सव्वाशे वर्षांपूर्वीच्या प्लेगच्या इतिहासात. तो इतिहास आपल्याच शहरांत घडला आहे, म्हणून जरा तपशिलात सांगते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा प्लेगचं निदान केलं. त्या वस्तीत गोदी जवळ, धान्याची गोदामं शेजारी आणि माणसं दाटीवाटीने राहणारी. काही आठवड्यांत साथ पसरली. तेव्हाच्या वैद्यकीय समजुतीप्रमाणे सरकारने ठरवलं की रोगी हुडकायचा, हॉस्पिटलात हलवायचा, त्याच्या घरच्यांना वेगळं ठेवायचं आणि घर धुऊन, चुना मारून, गरज पडली तर सामान जाळून शुद्ध करायचं. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला आणि या सगळ्याला जबरदस्तीची ताकद मिळाली. तोच कायदा कोविडच्या काळात आपल्याला पुन्हा ऐकू आला.

सरकारच्या दृष्टीने यात न पटण्यासारखं काय होतं? माणसं मरत होती आणि उपाय मांडलेला होता. पण ऑक्टोबर १८९६ मध्येच गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या साथरोग हॉस्पिटलवर चालून गेला. शहरातून लोकांचे लोंढे बाहेर पडू लागले. अफवा उठल्या. हॉस्पिटलात नेऊन माणसांची मोमियाई काढतात, ही त्यातली एक. मोमियाई म्हणजे माणसाच्या शरीरातून काढलेलं औषध. त्याच सुमाराला मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला डांबर फासलं गेलं होतं, त्याचा सूड म्हणून माणसं मारतात, अशी आणखी एक अफवा. अधिकाऱ्यांनी यावर एकच शिक्का मारला, तो अडाणीपणाचा.

मला या अफवा वाचताना नेहमी वाटतं की त्या नीट ऐकल्या असत्या तर त्यांत सगळं सापडलं असतं. गिरणी कामगाराने हॉस्पिटलबद्दल काय पाहिलं होतं? तिथे नेलेला माणूस परत येत नाही. शेवटच्या अवस्थेतला रोगी नेला जात असे, त्यामुळे तो बहुधा दगावतच असे. घरच्यांना जवळ राहता येत नाही. पाणी कोण पाजतं, जेवण कोण रांधतं, ठाऊक नाही. मेल्यावर अंत्यविधी कोण करणार, तेही ठाऊक नाही. म्हणजे आयुष्यभर ज्या गोष्टी सांभाळल्या त्या सगळ्या शेवटच्या दोन दिवसांत काढून घेतल्या जाणार. मोमियाईची गोष्ट खोटी होती, पण "तिथे आमच्या माणसाचं शरीर आमचं राहत नाही" ही तिच्या आतली तक्रार खरी होती. अफवा खोडून काढायला बसलं की माणूस अफवेशीच भांडत राहतो. आतली तक्रार तशीच राहते.

पुण्यात हे टोकाला गेलं. वॉल्टर चार्ल्स रँड हा प्लेग समितीचा अध्यक्ष झाला आणि मार्च १८९७ च्या मध्यापासून गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घरोघर झडत्या घेऊ लागल्या. आता इथे प्लेगची एक वैद्यकीय बाजू लक्षात घ्यायला हवी. या रोगात गाठ येते ती बहुधा जांघेत, काखेत किंवा मानेवर. रोगी हुडकायचा तर तिथेच हात लावून बघावं लागणार. डॉक्टरच्या दृष्टीने ती शरीराची जागा. पण परका पुरुष, तोही परक्या सैन्याचा, बूट घालून माजघरात शिरतो, देवघरापर्यंत जातो आणि घरातल्या बाईला बाहेर बोलावून तिची जांघ आणि काख तपासली जाते, हे त्या घराला काय वाटलं असेल? पंडिता रमाबाई काही रूढींची वकिली करणाऱ्या नव्हत्या, पाश्चात्त्य वैद्यकाच्या विरोधात तर मुळीच नव्हत्या. त्यांनीही प्लेगच्या व्यवस्थेत बायकांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. इतकं झाल्यावर तरी हा अज्ञानाचा प्रश्न नाही, हे कळायला हवं होतं.

लोक मग रोगी लपवू लागले. माळ्यावर, कपाटात, मागच्या अंगणात. म्हणजे साथ रोखण्यासाठी केलेल्या झडतीनेच रोगी दिसेनासे केले. २२ जून १८९७ ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हे आपण शाळेत शिकतो. पण त्या गोळ्यांच्या आधीच्या तीन महिन्यांत, घरोघरच्या उंबऱ्यांवर, सरकारने आपला श्रोता गमावलेला होता. त्याच पुण्यात, त्याच मार्चमध्ये सावित्रीबाई फुले मुलगा यशवंतच्या दवाखान्यात रोग्यांना आणत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आल्या, त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. हलवणं इथेही होतंच, पण ज्या पाठीवरून मूल नेलं जात होतं ती पाठ ओळखीची होती.

हाच फरक थोड्या वेगळ्या रूपात मुंबईतही दिसला. जातीजमातींना आपापली प्लेग हॉस्पिटलं काढू दिली तेव्हा लोक तिथे जाऊ लागले. पुण्यात टिळकांनी वर्गणी जमवून हिंदूंसाठी वेगळं हॉस्पिटल काढलं. रोग्याला घरातून हलवणं, वेगळं ठेवणं, हे सगळं तसंच होतं. बदललं ते रांधणारं माणूस, खाटेजवळ बसणारं माणूस आणि मेल्यावर खांदा देणारं माणूस. जातवार हॉस्पिटलं ही काही आज मिरवायची गोष्ट नाही, त्यातली तेढ मला दिसते. तरी त्या क्षणी लोक काय जपत होते, याचा ती एक चोख पुरावा आहे.

आता दुसरा माणूस. वाल्देमार हाफकिन, ओडेसात जन्मलेला ज्यू शास्त्रज्ञ. साथ सुरू झाल्यावर तो मुंबईत आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका छोट्या जागेत अवघ्या काही महिन्यांत त्याने प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ ला ती त्याने आधी स्वतःला टोचून घेतली. त्याला ताप आला, दुखलं, आणि तो बरा झाला. मग भायखळ्याच्या तुरुंगात तयार असलेल्या कैद्यांना लस दिली गेली. हाफकिनला ही रीत नवी नव्हती. त्याआधी कलकत्त्याच्या वस्त्यांमध्ये पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची लस देतानाही त्याने आणि त्याच्या भारतीय सहकारी डॉक्टरांनी लोकांसमोर एकमेकांना सुया टोचल्या होत्या.

हे ऐकून आपण म्हणतो, वा, स्वतः धोका पत्करला म्हणून लोकांचा विश्वास बसला. ते खरंच आहे. पण प्लेगच्या लसीने अंगात सपाटून ताप यायचा, दंड सुजायचा आणि एक-दोन दिवस काम सुटायचं. हातावर पोट असलेल्या माणसाला हाफकिनचं धाडस बघून लगेच हात पुढे करता येत नव्हता. शिवाय हाफकिन कितीही निर्भय असला तरी तो मांडवीतल्या खोजा मुसलमानांचा कोण लागत होता? इथे आगाखान तिसरे यांचं काम मोलाचं ठरलं. तेव्हा ते विशीच्या आतबाहेरचे होते, खोजा इस्माइली समाजाचे इमाम. त्यांनी सगळ्यांसमोर लस टोचून घेतली आणि आपल्या समाजाला तेच करायला सांगितलं. पुढे हाफकिनच्या प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपला खुश्रू लॉज हा बंगलाही दिला. हाफकिनने दंडावर सुई घेतली तेव्हा लोकांना कळलं की हा शास्त्रज्ञ खोटं बोलत नाही. आगाखानांनी घेतली तेव्हा कळलं की हे केल्याने आपण आपल्या माणसांतून बाहेर पडत नाही. या दोन वेगवेगळ्या शंका आहेत. एकीचं उत्तर दुसरीला चालत नाही.

दुसऱ्या शंकेकडे आपलं फार दुर्लक्ष होतं. माणूस एकटा निर्णय घेतोय, असं आपण समजतो. प्रत्यक्षात त्याच्या पाठीमागे सासू, दीर, भावकी, गल्ली, मुकादम असे कितीतरी जण उभे असतात आणि त्यांच्यापुढे आपली मान खाली जाऊ नये, हे त्याला जपायचं असतं. सिस्टरसमोर आई मान डोलवत होती ना, ते तिने सिस्टरची मान राखण्यासाठी केलं. आपल्याकडे घरी आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. त्या डोलण्याला होकार समजणारे कितीतरी अहवाल मी वाचले आहेत.

विश्वास मोडायला मात्र काहीच वेळ लागत नाही. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लसीच्या एका दूषित बाटलीमुळे १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिनवर ठपका आला आणि तो निर्दोष ठरायला पाच वर्षं लागली. तोपर्यंत लसीच्या नावाने दारं लागली होती. त्या दाराआडच्या माणसाला अडाणी म्हणणं सोपं आहे. त्याने १९ प्रेतं मोजली होती.

प्लेगच्या गोष्टीतला सगळ्यात डोळे उघडणारा भाग अजून सांगायचा आहे. उंदरांवरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत १८९८ मध्ये दाखवून दिलं. त्याचं म्हणणं मान्य व्हायला पुढची काही वर्षं गेली. म्हणजे ज्या काळात माणसाला माणसापासून तोडण्यासाठी इतकी जबरदस्ती चालली होती, त्या काळात रोगाचं मूळ घराच्या आढ्यात आणि धान्याच्या कणगीत पळत होतं. आणि गावातले लोक काय करत होते? घरात उंदीर मरून पडायला लागले की गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहायला जात होते. आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या आठवणींत हे अजून आहे, "प्लेगात सगळं गाव मळ्यात होतं" असं सांगणारी आजी मी स्वतः ऐकली आहे. पिसवांचं गणित कळल्यावर हीच गोष्ट, म्हणजे उंदीर पडलेलं घर रिकामं करणं, शहाणपणाची ठरली. श्रोत्याला समजून घ्यायचं ते आपलं म्हणणं त्याच्या गळी उतरवण्यासाठीच, असं धरून गेलं तर हा भाग कधीच दिसणार नाही. कधी कधी त्याच्याजवळ आपल्यापेक्षा जास्त माहिती असते आणि बदलायचं असतं ते आपलंच म्हणणं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली, तिथे हे फार सुंदर रीतीने घडलं. आदिवासी आजारी पडतात पण हॉस्पिटलात येत नाहीत. का, हे त्यांनी लोकांनाच विचारलं. उत्तरं अशी आली की एखाद्या प्रशासकाला ती कधी सुचली नसती. मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो. डॉक्टर, नर्स पांढरे कपडे घालतात आणि आम्ही पांढरं कापड प्रेतावर घालतो. नातेवाइकांना बाहेर काढतात. आणि तिथे आमचा देव नसतो. मग शोधग्राम या संस्थेच्या परिसरात हॉस्पिटल उभं राहिलं ते आदिवासी पाड्यासारखं, झोपडीवजा खोल्यांचं. रोग्याच्या माणसांना सोबत राहता येईल असं. दंतेश्वरी देवीचं देऊळ तिथे आहे आणि हॉस्पिटललाही माँ दंतेश्वरीचंच नाव आहे. "हॉस्पिटलात या" असं समजावणारी पत्रकं वाटण्यापेक्षा हॉस्पिटलच जरा त्यांच्याकडे सरकलं. मुंबईच्या गिरणी कामगारांची १८९६ सालची तक्रार आणि गडचिरोलीतली ही तक्रार शेजारी शेजारी ठेवून बघा. जवळजवळ शब्दाला शब्द जुळतो.

उत्तर प्रदेशात पोलिओच्या मोहिमेला हाच धडा शिकावा लागला. काही वस्त्यांत लोक बाळाला थेंब पाजू देत नव्हते. थेंबांनी पुढे मूल होत नाही, अशी अफवा होती, आणि सुरुवातीला सगळा जोर ती खोडण्यावर गेला. लोकांचं ऐकायला बसल्यावर निघालं ते वेगळंच. गटार तुंबलंय, पोरं जुलाबाने मरताहेत, तापाला गोळी मिळत नाही, त्यासाठी कोणी येत नाही. आणि या एकाच रोगासाठी मात्र तुम्ही पुन्हा पुन्हा दारात. यात तुमचा काहीतरी मतलब असणार. अशा ठिकाणी हा तर्क अगदी सरळ आहे. मग स्थानिक बायका घरोघर जाऊ लागल्या, मशिदींतून इमाम बोलू लागले, आणि उत्तर प्रदेश व बिहारमधल्या १०७ विकास गटांत (ब्लॉकमध्ये) पोलिओच्या जोडीने स्वच्छता, जुलाबावरचे उपचार, स्तनपान यांची कामं घेतली गेली. भारतातला नैसर्गिक विषाणूने झालेल्या पोलिओचा शेवटचा रोगी सापडला तो १३ जानेवारी २०११ ला, पश्चिम बंगालमधल्या हावड्यात.

हे ओळखायचं कसं, असं प्रशिक्षणात प्रत्येक वेळी विचारतात. माझ्याजवळ एखादा मंत्र नाही, पण काही गोष्टी अनुभवाने कळल्या आहेत. "का नको?" हा प्रश्न टाळावा. तो ऐकला की माणसाला जाब विचारल्यासारखं वाटतं आणि तो चारचौघांत शोभेल असं कारण पुढे करतो. वेळ नाही, मालक घरी नाहीत, पुढच्या महिन्यात बघू. त्याऐवजी "मागच्या वेळी काय झालं होतं?" असं विचारलं की गोष्ट सुरू होते. गोष्टीत खरं कारण असतंच. आणि जी बाई नाही म्हणाली तिच्याशीच बोलत राहण्यापेक्षा तिच्या घरात चुलीपाशी कोण बसलंय ते बघावं.

एकाच तळावरच्या तीन घरांत मला एकच "नको" ऐकू आलं होतं. पहिल्या घरात खाड्याचा हिशेब होता. दुसऱ्या घरात कार्ड हरवलेलं होतं आणि सिस्टर सगळ्यांसमोर रागावेल ही भीती होती. तिसऱ्या घरात मूल आधीच आजारी होतं आणि त्यात सुई दिली तर आणखी बिघडेल, ही काळजी होती. तिन्ही घरांत आम्ही एकच भाषण करत होतो.

बोलण्याआधी आपण कोण म्हणून दारात उभे आहोत, हेही समोरचा बघत असतो. गाडगेबाबा गावात येत ते हातात खराटा घेऊन. दिवसभर गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. कीर्तनातही वऱ्हाडी बोलीत लोकांना प्रश्न विचारत, लोकांकडूनच उत्तर काढत. ज्या माणसाने सकाळी आपल्या दारातली घाण उचलली, तो रात्री स्वच्छतेबद्दल बोलतो तेव्हा त्याचं ऐकून घेण्याशिवाय गत्यंतर नसतं. आम्ही मात्र जीपमधून उतरतो, खुर्ची मागतो आणि छापील कागद वाचतो. "लसीकरणोत्तर सौम्य प्रतिकूल परिणाम संभवतात" असं एका पत्रकावर होतं. ताप येईल, एवढंच सांगायचं होतं.

समोरच्याला ओळखण्याचं हे कसब वाईट हातातही असतं, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. "पोलीस बोलतोय, तुमच्या नावावर गुन्हा आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका" असं सांगून म्हाताऱ्या माणसांच्या आयुष्यभराच्या ठेवी लुटणारे लोक आपला श्रोता फार चांगला ओळखतात. अब्रू जपणारा माणूस पोलिसांचं नाव ऐकून घरच्यांनाही सांगणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. मी स्वतःपुरती एक कसोटी ठेवली आहे. समोरच्याबद्दल मला जे कळलंय आणि मी त्याचा जो उपयोग करतेय, ते त्याला तोंडावर सांगता येईल का? "तुमचे खाडे पडतात म्हणून मी संध्याकाळची वेळ ठरवली" हे सांगता येतं. "तुम्ही घाबरट आहात म्हणून मी ताप येत नाही असं खोटं सांगितलं" हे सांगता येणार नाही. खोट्याने एक डोस होतो. मग ताप येतो आणि पुढच्या हंगामात त्या तळावर कोणीच दार उघडत नाही.

त्या तळावर मी दहा-बारा दिवसांनी पुन्हा गेले. मधल्या काळात सिस्टरनेच मुकादमाला गाठून विचारलं होतं की तोड कुठल्या दिवशी बंद असते. आदल्या संध्याकाळी, बाया फडातून परतल्यावर, तिने तळावरच सत्र लावलं. बॅटरी एका कोपीच्या मेढीला टांगली होती. या वेळी तिने रोगांची नावं घेतलीच नाहीत. म्हणाली, "आज रात्री ताप येईल. उद्या तुम्ही घरीच आहात. हे औषध असं द्यायचं." आणि सासूच्या हातात औषधाची बाटली दिली. सासूने ड्रॉपर बॅटरीच्या उजेडात धरला, खूण कुठे आहे ते दोनदा विचारलं आणि एकदा नुसतं पाणी ओढून बघितलं.

मग सिस्टरने कार्ड मागितलं. पहिल्या भेटीत तिने ते मागितलंच नव्हतं. आई कोपीत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. पिशवीला दोन गाठी मारलेल्या होत्या. आत दोघांची आधार कार्डं, रेशन कार्ड, आणि मधोमध घडी न मोडलेलं, पावसाचा एक थेंबही न लागलेलं बाळाचं लसीकरणाचं कार्ड.